रात्रभर प्रवास करून आलेल्या क्लाउनफिशला ठिबक लावू नका

मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर क्लाउनफिशबद्दलचा (नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला छोटा समुद्री मासा) एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: नवीन मासा आणला की पिशवी उघडून बादलीत ओता आणि टँकचं पाणी थेंबाथेंबाने तीन-चार तास सोडा, म्हणजेच ठिबक लावा, जितका जास्त वेळ तितका मासा सुरक्षित. क्लाउनफिश काटक असतो, त्यामुळे नवा टँक दुसऱ्या दिवशीही चालतो. ॲनिमोन (समुद्रफूल, म्हणजे क्लाउनफिश ज्याच्या आसऱ्याने राहतो तो समुद्री प्राणी) नसेल तर तो जगत नाही. आणि दुकानात ठणठणीत दिसला तर वेगळा ठेवायची गरज नाही. यातलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही, आणि पहिलं तर कोल्हापूरकरांसाठी सरळ घातक आहे.

आधी त्या ठिबकचंच बघू. आपल्याकडे खाऱ्या पाण्यातले मासे बहुतेक करून मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येतात. संध्याकाळी बांधलेली पिशवी सकाळी कावळा नाक्यावर उतरते. तेवढा वेळ मासा त्याच लिटरभर पाण्यात श्वास घेतो आणि त्यातच अमोनिया सोडतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड बंद पिशवीत साठत जातो आणि पाण्याचा पीएच (आम्लता मोजण्याचा आकडा, जितका कमी तितकं पाणी आम्ल) 8.2 वरून 7 च्या आसपास घसरतो. ही घसरण माशाच्या पथ्यावरच पडते, कारण कमी पीएचला अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो आणि ते रूप फारसं बाधत नाही.

पिशवीचं तोंड उघडलं की हे चित्र पालटतं. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, वरून टँकचं पाणी ठिबकायला लागतं, पीएच चढतो आणि अमोनियमचा पुन्हा विषारी अमोनिया होतो. पीएच एका अंकाने चढला की हा विषारी वाटा जवळजवळ दहापट होतो. ‘पण पाणी मिसळल्यामुळे घाण पातळ होते ना?’ होते. ठिबकने बादलीतलं पाणी दुप्पट होईपर्यंत अमोनिया निम्म्यावर येतो, तोवर विषारीपणा मात्र कितीतरी पटीने वाढलेला असतो. राजारामपुरीत एका मित्राच्या घरी हे डोळ्यांदेखत पाहिलं. पिशवी फोडली तेव्हा मासा शांत होता. थोड्याच वेळात तोंड उघडं, कल्ले भराभर हलतायत आणि मासा बादलीच्या कडेला वर येऊन लटकलाय. घरचे म्हणत होते, ‘घाबरलाय, अजून थोडा वेळ देऊ.’ मेसेजही हेच सांगतो, म्हणून त्याचा राग येतो.

मग करायचं काय? टँकचा दिवा बंद ठेवा. पिशवी न उघडता 15 ते 20 मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग उघडा, लगेच खारटपणा मोजा, आणि तो टँकशी जुळत असेल तर मासा छोट्या भांड्याने उचलून टँकमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही.

खरी मेख खारटपणात आहे. खारटपणा घनतेवरून मोजतात; शुद्ध पाण्याची 1 धरली तर समुद्राच्या पाण्याची घनता 1.025 च्या आसपास असते, पण बरेच दुकानदार मीठ वाचावं आणि परजीवी दबून राहावेत म्हणून 1.020 किंवा त्याहून खाली ठेवतात. कमी खारट पाण्यातून एकदम जास्त खारट पाण्यात जाणं माशाला जड जातं. याचा इलाज ठिबकमध्ये नाही, फोनमध्ये आहे. आदल्या दिवशी दुकानदाराला आकडा विचारा, नवा मासा आधी ज्यात ठेवायचा त्या वेगळ्या टँकचं (तो का, ते पुढे येतंच) पाणी त्याच आकड्यावर आणून ठेवा, आणि मासा सोडल्यावर रोज 0.001 या बेताने वाढवत न्या. ठिबकची पद्धत अगदीच टाकाऊ आहे असं नाही. दुकान गावातच असेल, पिशवी अर्ध्या तासापूर्वी बांधलेली असेल, तर ती खुशाल वापरा.

‘काटक आहे, नव्या टँकमध्ये चालतो.’ काटक आहे म्हणून त्याने अमोनिया सोसावा का? अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये आणि खडकांवर रुजायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासा आणू नका. स्वयंपाकाच्या मिठाने समुद्रासारखं पाणी होत नाही, हेही इथेच सांगतो. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम नसतं. आरओचं पाणी आणि मरीन सॉल्टच लागतं.

ॲनिमोनचा मुद्दा लवकर आटोपतो. समुद्रात क्लाउनफिशला त्याचा आसरा लागतो, कारण तिथे शिकारी असतात. घरच्या टँकमध्ये तो त्याच्याविना वर्षानुवर्षं मजेत राहतो. उलट ॲनिमोनलाच भरपूर प्रकाश आणि कित्येक महिने मुरलेला टँक लागतो. नव्या टँकमध्ये तो मेला तर कुजून सगळं पाणी नासवतो.

‘ठणठणीत दिसतो, वेगळा कशाला?’ याचं उत्तर ब्रूकलिनेला. हा सूक्ष्म परजीवी क्लाउनफिशना इतक्या वेळा होतो की त्याला क्लाउनफिशचाच आजार म्हणतात. अंगावर पांढरट चिकट थर येतो, रंग उतरतो, श्वास वाढतो, आणि लक्षणं दिसल्यापासून दोन-चार दिवसांत मासा जाऊ शकतो. म्हणून रेती-खडक नसलेला साधा 40 लिटरचा टँक, हीटर, मुख्य टँकमध्ये मुरवलेला (म्हणजे ते जिवाणू रुजलेला) स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, एवढी सोय हवी. त्यात निदान 4 आठवडे मासा नजरेखाली ठेवा. कैदेत पैदास झालेला मासा मिळाला तर उत्तम. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे हे तंत्र विकसित केलेलं आहे. पण दुकानात तो समुद्रातून पकडलेल्या माशांच्या पाण्यात राहिला असेल तर त्यालाही हेच लागू.

पहिल्या दिवशी माशाने काही खाल्लं नाही, तो लडबडत पोहला किंवा रात्री कोपऱ्यात वर तिरका होऊन झोपला, तर औषधाची बाटली उघडू नका. क्लाउनफिश असाच पोहतो आणि असाच झोपतो. जोडी आणायची तर एक मोठा, एक लहान घ्या. जन्मतः सगळे नर असतात आणि जोडीतला वरचढ मासा पुढे मादी होतो. लहान मासा मोठ्यापुढे अंग थरथरवतो ती शरणागती असते, तेव्हा मध्ये पडू नका. पर फाटलेले दिसले किंवा लहान मासा खायलाही कोपरा सोडेना, तर मात्र त्याच दिवशी मध्ये जाळी लावा.