गेथशेमानेतला ‘नको’ आणि त्यापुढचे वाक्य

“ख्रिस्ती लोकांचा देव स्वतःच्या निष्पाप पुत्राचा बळी घेतो, पुत्र नको म्हणत असताना घेतो, आणि या जबरदस्तीलाच आज्ञापालन म्हणतात, अशी शिकवण माणसाला सत्तेपुढे मान तुकवायला लावते,” अशा आशयाचा मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे.

पुत्र ‘नको’ म्हणाला, हे खरे आहे. मार्कच्या शुभवर्तमानात (14:36) येशू अटकेच्या रात्री, जैतुनांच्या डोंगराजवळच्या गेथशेमाने या ठिकाणी, ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ (प्याला म्हणजे समोर आलेले दुःख आणि मरण) अशी विनवणी करतो. पण त्याच ओळीत पुढे ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असेही आहे, आणि मजकुराने नेमके तेवढेच गाळले आहे. शिष्य झोपलेले, रात्रीची वेळ, आणि जैतुनांचा डोंगर ओलांडला की पलीकडे यहूदियाचे अरण्य. निसटायचेच असते तर वाट मोकळी होती. उलट, अटकेच्या वेळी पेत्र या शिष्याने तलवार उपसली तेव्हा येशूने ती म्यान करायला लावली आणि विचारले, पित्याने दिलेला प्याला मी पिऊ नये काय? (योहान 18:11). भीती वाटणे आणि भाग पाडले जाणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

देवाला रक्त हवे होते, हा आक्षेप तर नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायापाशीच अडखळतो. तिथे 40 व्या स्तोत्राच्या आधाराने म्हटले आहे की देवाला यज्ञ नको होते, आणि ख्रिस्त ‘तुझ्या इच्छेप्रमाणे करायला मी आलो आहे’ असे म्हणत येतो. प्रेषित पौलही पहिला मानव आदाम याच्या आज्ञाभंगासमोर ख्रिस्ताचे आज्ञापालन ठेवतो (रोम. 5:19), म्हणजे तारणाचे मोल वेदनेच्या मापात नव्हे, स्वेच्छेने दिलेल्या होकारात आहे.

राहिला सत्तेचा मुद्दा. आज्ञापालनाच्या नावाखाली धर्माधिकाऱ्यांनी माणसे दडपली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सातव्या शतकात बायझंटाइन (पूर्व रोमन) दरबाराला ख्रिस्तात एकच इच्छा मानणारे सूत्र सोयीचे वाटत होते, तेव्हा मॅक्सिमस नावाच्या संन्याशाने ते मान्य केले नाही; ख्रिस्ताला मानवी इच्छाच नसेल तर गेथशेमानेतला होकार माणसाचा होकार कसा ठरेल, हा त्याच्या म्हणण्याचा गाभा होता. 662 मध्ये त्याची जीभ आणि उजवा हात कापून त्याला हद्दपार करण्यात आले, आणि त्याच वर्षी तो वारला. पुढे 680-681 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने ख्रिस्ताच्या दैवी आणि मानवी अशा दोन इच्छा मान्य केल्या, मात्र मॅक्सिमसचे नाव तिच्या निर्णयात कुठेही नव्हते.