चार तुकड्यांत मोडलेला खांदा आणि चाळिशीतला रुग्ण

"खांद्याजवळ दंडाचे हाड चार तुकड्यांत मोडले, तर वय कितीही असो, थेट सांधाच बदलावा, हाडाच्या वरच्या टोकाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेलाच असतो, प्लेट (तुकडे स्क्रूंनी धरून ठेवणारी धातूची पट्टी) हमखास फसते आणि कृत्रिम सांधा जन्मभर पुरतो," असा सल्ला सध्या बराच फिरतो आहे. सत्तरीतल्या रुग्णाबाबत त्यात तथ्य आहे. चाळिशीतल्या रुग्णाला मात्र तो फार महागात पडू शकतो.

रक्तपुरवठ्याचा मुद्दा सर्वांत वजनदार, म्हणून तो आधी घेतो. स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक हर्टेल यांनी २००४ मध्ये दाखवले की, गोळ्याला आतल्या बाजूने जोडून राहिलेला हाडाचा भाग ८ मिलिमीटरपेक्षा कमी असेल आणि तिथला जोड २ मिलिमीटरहून अधिक सरकला असेल, तर रक्तपुरवठा खंडित झाल्याची शक्यता मोठी असते. एवढेच सांगून थांबणे बरोबर नाही, कारण २००८ मध्ये त्यांच्याच गटाने या रुग्णांचा पुढचा मागोवा प्रसिद्ध केला, तेव्हा शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तहीन दिसलेले अनेक गोळे हाड बसवल्यानंतर टिकून राहिल्याचे आढळले. पुढे गोळ्याचा काही भाग मृत झाला, तरी तुकडे योग्य जागी जुळलेले असल्यास बऱ्याच जणांचा हात कामापुरता चालतो.

प्लेट फसण्याची भीती मुख्यतः ठिसूळ हाडांच्या अनुभवातून आली आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील चाचणीत दोन वर्षांनंतर रिव्हर्स सांधा (गोळा आणि खोबणी यांच्या जागा उलटवलेला कृत्रिम सांधा) प्लेटपेक्षा सरस ठरला हे खरे. पण तिच्यातील १२४ रुग्ण ६५ ते ८५ वयाचे होते. तरुणाच्या घट्ट हाडात स्क्रू चांगली पकड धरतात.

"जन्मभर" या शब्दाला तर आधारच नाही. फ्रान्समध्ये ग्रामाँ यांनी रिव्हर्स सांधा १९८५ मध्ये आणला आणि तो प्रामुख्याने वयस्कांनाच बसवला गेला. चाळिशीतला माणूस त्याच्याकडून आणखी चाळीस वर्षांची अपेक्षा धरतो, तीही ओझी उचलत. सांधा सैल झाला किंवा त्यात जंतुसंसर्ग झाला, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी खांद्याच्या खोबणीचे हाड अपुरे उरू शकते.

गोळाच फुटून त्याचे जुळवता न येणारे तुकडे झाले असतील, तर तरुणातही सांधा बदलावा लागू शकतो. प्लेट फसल्यानंतर बसवलेल्या सांध्याचे परिणाम पहिल्याच वेळी बसवलेल्या सांध्याहून सहसा कमी चांगले असतात, हेही मान्य. म्हणूनच सीटी स्कॅन पाहून, हाड बसवण्याचा सराव असलेल्या शल्यचिकित्सकाने तो निर्णय घ्यावा. तुकड्यांची संख्या त्या निर्णयाला पुरेशी नाही.