‘कल्चर निगेटिव्ह, म्हणजे बुरशी नाही’ हे साफ खोटं आहे

मावशी आयसीयूच्या बाहेर बसली होती, आत काका व्हेंटिलेटरवर. तिथंच तिला तो फॉरवर्ड आला आणि डॉक्टरांनी सुचवलेल्या बुरशीच्या तपासणीला तिने ‘थांबा’ म्हटलं. अँटिबायोटिक चालू असताना बुरशी होऊच शकत नाही, ब्लड कल्चर (रक्त बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतात का ते बघण्याची तपासणी) निगेटिव्ह आलं की विषय संपला, आणि बाकीच्या झटपट तपासण्या फक्त बिल फुगवायला, असं त्यात लिहिलंय. मी लॅबमध्ये रोज कल्चरच्या बाटल्या हाताळते. वाचून डोकंच फिरलं.

अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, बुरशीला नाही. उलट आतड्यातले जिवाणू मेले की तिथलीच कँडिडा नावाची बुरशी फोफावते. यावर जास्त बोलायची गरज नाही.

कल्चरची गोष्ट मात्र जिवावर बेतणारी आहे. कँडिडा शरीरात खोलवर पसरलेल्या रुग्णांपैकी जेमतेम निम्म्यांचं ब्लड कल्चर पॉझिटिव्ह येतं. रक्तात बुरशीच्या पेशी असतातच थोड्या. ती यकृतात किंवा पोटातल्या गळवात दडली असेल तर बाटलीत काहीच वाढत नाही. वाढली तरी बहुधा दोन-तीन दिवस जातात, आणि निगेटिव्हचा शेवटचा रिपोर्ट यायला साधारण पाच. तोवर रुग्णाने कुठे थांबायचं? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रक्तात कँडिडा सापडलेले २३० रुग्ण होते. कल्चर घेतलं त्याच दिवशी फ्लुकोनॅझोल हे अँटिफंगल, म्हणजे बुरशीवरचं औषध, सुरू झालेल्यांपैकी १५ टक्के दगावले. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर सुरू झालेल्यांपैकी ४१ टक्के. औषध तेच, उशीर तेवढा वेगळा.

बिलाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. बीटा-डी-ग्लुकन ही बुरशी शोधणारी झटपट रक्ततपासणी डायलिसिस, शिरेतून दिलेलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), अगदी शस्त्रक्रियेतल्या गॉझमुळेही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि म्युकर (‘काळी बुरशी’) तिला सापडत नाही. नुसत्या थुंकीत कँडिडा दिसली म्हणून अँटिफंगल देणंही बहुतेक वेळा चूकच. पण हीच बीटा-डी-ग्लुकन निगेटिव्ह आली तर कँडिडा नसण्याची शक्यता बरीच वाढते, आणि अंदाजाने सुरू केलेलं महागडं औषध डॉक्टरांना थांबवता येतं. म्हणजे बिल कमीच होतं की!

रात्री मावशीला फोन केला. म्हटलं, काकांची सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी, तिच्यातूनही बुरशी रक्तात शिरू शकते) किती दिवसांची आहे ते डॉक्टरांना विचार, आणि तपासणीला हो म्हण. सकाळी तिने सही केली.