घरात कुणी टेक्निकल आहे का?

परवा ऑफिसच्या सपोर्टने माझं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद केलं. खाली शेरा मारलाय: 'युजरच्या घरच्या इंटरनेटचा प्रॉब्लेम. युजरला समजावून सांगितले.' प्रॉब्लेम माझ्या घरचा नव्हता, सोडवला तो मी, आणि समजावून सांगितलं तेही मीच. पण शेऱ्याची चौकट त्यांच्या ताब्यात. त्यामुळे ऑफिसच्या दप्तरी मी आता समजूत काढलेली बाई आहे.

हकीकत थोडक्यात. मी लिनक्सचे, म्हणजे विंडोजसारख्याच एका ऑपरेटिंग सिस्टिमचे, सर्व्हर सांभाळून पोट भरते. घर नाशिकला, इंदिरानगरात; ऑफिस पुण्यात. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि त्या लिनक्सच्या पोटात आणखी एक लिनक्स, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. क्लायंटचं काम फक्त त्या आतल्या मशीनमधूनच करायचं, असा नियम. बाहेर लॅपटॉपवर नेट सुसाट, शंभरच्या प्लॅनमध्ये नव्वदच्या वर. आतून अमेरिकेतल्या सर्व्हरवर बॅकअप चढवायला घेतला की चार-पाच. गोदावरीला पूर आला की आम्ही नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, आता छातीपर्यंत आलं. माझा बॅकअप सकाळी मारुतीच्या घोट्याला होता आणि दिवेलागणीलाही घोट्यालाच.

सपोर्टला फोन लावला. पलीकडे एक मुलगा, आवाजावरून मिसरूड नुकतंच फुटलेलं.

"मॅडम, तुम्ही नाशिकला ना?"

"हो."

"हां, मग."

हे 'हां, मग' मी मरेपर्यंत विसरणार नाही. पुढे त्याने विचारलं, तिकडे फायबर आलंय का. हा प्रश्न तो मला व्हिडिओ कॉलवर विचारत होता. त्याच फायबरवरून. माझ्या मागच्या कपाटावरचं कुलूपसुद्धा त्याला स्वच्छ दिसत असणार.

मग म्हणाला, आतल्या मशीनमधून पिंग करून दाखवा, म्हणजे बाहेरच्या मशीनला हाक मारून उत्तर येतं का बघा. केलं. उत्तर आलं नाही. "बघा, नेटच नाही." मी सांगितलं, बाबा रे, तुमच्या स्क्रिप्टने हे मशीन युजर-मोड नेटवर्किंगवर सुरू होतं, त्यात पिंग सहसा बाहेर जातच नाही, हे मशीन चालवणाऱ्या क्यूईमू या प्रोग्रामच्या माहितीपत्रकात हे सरळ लिहिलेलं आहे. पिंग गप्प असलं तरी फाइल उतरते, ही बघा उतरतेय. तो थोडा वेळ शांत राहिला. मला वाटलं, पटलं. तर म्हणाला, "मॅडम, घरात कुणी टेक्निकल आहे का? त्यांना देता का फोन?"

घरात त्या वेळी दोन माणसं होती. नवरा, जो टीव्हीचा रिमोट चालेना की तो मांडीवर आपटतो. आणि सासूबाई. फोन स्पीकरवर होता, आणि सासूबाईंना एरवी दाराची बेल ऐकू येत नसली तरी 'टेक्निकल' एवढं बरोबर ऐकू आलं. मी काही बोलायच्या आत त्या पायात चपला सरकवून दुसऱ्या मजल्यावर गेल्या आणि काकांना घेऊन आल्या.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. आले ते सगळा सरंजाम घेऊन. हातात पक्कड, खिशात टेस्टर आणि खांद्याला लाइनमनचा जुना फोन, खांबावर चढून तारेला चिमटे लावून 'हॅलो, हॅलो' करायचा तो. निवृत्तीनंतर आठवण म्हणून तो त्यांनी भंगारवाल्याकडून विकत घेतलाय.

"लाइन कुठून येते?"

"लाइन ठीक आहे, काका. लॅपटॉपवर स्पीड येतोय. आतल्या मशीनला येत नाही."

"आतलं म्हणजे? बेडरूममधलं?"

"लॅपटॉपच्या आतलं."

काकांनी लॅपटॉप उचलून खालून बघितला. "उघडावा लागेल."

"उघडून काही दिसणार नाही. ते खरं मशीन नाही. लॅपटॉप त्याचं सोंग आणतो. प्रोसेसर थोडा वाटून दिलाय, मेमरी वाटून दिलीय. डिस्क म्हणजे एक मोठी फाइल."

"आणि नेटवर्कचं कार्ड?"

मला एकदम भरून आलं. दिवसभरात हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. "तेही सोंगच, काका. इंटेलचं एक जुनं कार्ड होतं, प्रो १००० नावाचं. आतल्या लिनक्सला वाटतं की आपल्याला ते बसवलंय."

"त्याला वाटतं."

"हो."

"आणि बसवलेलं नाही."

"नाही."

"मग हे त्याला कुणी सांगितलंय का?"

सासूबाई कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या. म्हणजे काकांचं कौतुक, माझ्याकडे बघून.

"आणि वायर?" काकांनी पुढे घेतलं.

"वायरही नाही."

"बिल?"

"बिल खरं आहे."

काका खुर्चीत टेकले. एका कनेक्शनवर दोन मशीन चालवतेस, सोसायटीला कळवलंस का, असं त्यांनी विचारलं. काका पूर्वी सेक्रेटरी होते आणि ते पद त्यांच्या अंगातून अजून गेलेलं नाही. मी म्हटलं, दुसरं मशीन नाहीच आहे. ते म्हणाले, "हे बघ बाळ, नाही म्हणतेस, आणि त्याला स्पीड येत नाही म्हणून रडतेस. एक काहीतरी ठरव."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अजून नाही.

मग चहा आला आणि चहाबरोबर ट्रंक कॉल आला. ट्रंक कॉल तीन तऱ्हेचे असत: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंगला आठपट पैसे पडायचे, पण सगळ्यांच्या आधी लागायचा. "वहिनी, तुम्हाला आठवतं ना?" वहिनींना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, सगळं आठवत होतं. कुठल्या आत्याची खबर अर्जंटने आली आणि कुठल्या मामांनी लाइटनिंग लावून फक्त 'पोचलो' एवढंच सांगितलं, याची उजळणी झाली. त्या काळी मुंबई लागायला सकाळची दुपार व्हायची, असं काका सांगत होते, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की तो उशीर जणू त्यांनी घरी खपून केला होता. "तुमच्यात लाइटनिंग नाही का?" त्यांनी विचारलं. बॅकअपची पट्टी मारुतीच्या घोट्यालाच. पुण्याचा मुलगा अजून कॉलवर होता, हे माझ्या मध्येच लक्षात आलं. त्याने एव्हाना स्वतःचा आवाज म्यूट करून डबा उघडला होता.

शेवटी काका बाल्कनीत गेले आणि त्यांनी निदान केलं. खाली रस्ता खणून ठेवलाय. सिंहस्थ जवळ आला की नाशकात रस्ते खणले जातात. २०१५ लाही खणले होते, आताही खणले जाताहेत. बुजवतो एक, खणतो दुसरा आणि केबल तोडतो तिसरा. काकांच्या मते फॉल्ट त्या खड्ड्यात होता. मी म्हटलं, केबल तुटली असती तर लॅपटॉपलाही नेट मिळालं नसतं. काका म्हणाले, "अर्धी तुटली असेल." आणि स्पीकरमधून पुण्याच्या मुलाचा आवाज आला, "सर बरोबर बोलताहेत."

सर! मी त्याला तासभर क्यूईमू समजावत होते, तेव्हा मी मॅडम, घरात कुणी टेक्निकल आहे का. आणि ज्यांनी लॅपटॉप उलटा करून मशीन शोधलं, ते सर. त्यांनी आपसात पाच मिनिटं बोलून माझी केस मिटवली. काकांनी त्याला आपला हुद्दा सांगितला, त्याने काकांना नमस्कार केला आणि मला सांगितलं की प्रोव्हायडरकडे तक्रार नोंदवा. तेच तिकिटातलं 'समजावून सांगितले'.

रात्री घर झोपल्यावर मी शांतपणे बसले. आयपर्फ३ म्हणून एक साधन आहे. एका टोकाला ते ऐकत बसतं, दुसऱ्या टोकाने डेटा लोटायचा आणि मध्ये वेग किती भरतो ते बघायचं. मी एक टोक आतल्या मशीनमध्ये ठेवलं, दुसरं बाहेर लॅपटॉपवर आणि वायफाय बंद केलं. आता मध्ये वायर नाही, फायबर नाही, खड्डा नाही, नाशिक नाही. तरी वेग पडलेलाच. मला हर्ष झाला. आपला डेटा लॅपटॉपच्या बाहेर पडायच्या आधीच रेंगाळतोय, हे बघून आनंद होणारी बाई मी एकटीच असेन.

कारणं दोन. एक ते सोंगाचं कार्ड. आतलं लिनक्स खरं कार्ड समजून त्याच्या एकेका रजिस्टरशी, म्हणजे कार्डातल्या कप्प्याशी, बोलत बसतं आणि दर खेपेला बाहेरच्याला हातातलं काम टाकून त्या नाटकात भाग घ्यावा लागतो. याच्यावर तोड म्हणजे व्हर्टआयओ. ते २००८ सालच्या लिनक्स २.६.२४ पासून कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे. त्यात आतल्या मशीनला सरळ सांगितलेलं असतं की बाबा, तू व्हर्च्युअल आहेस, कार्डबिर्ड काही नाही, डेटा या रांगेत ठेव. म्हणजे 'हे त्याला कुणी सांगितलंय का' हा काकांचा प्रश्न नेमका होता. हे काकांना मी कधीही कळू देणार नाही.

दुसरं कारण ते युजर-मोड नेटवर्किंग. त्याच्या मुळाशी स्लर्प नावाचा प्रोग्राम आहे, १९९० च्या दशकातला, डायल-अपच्या जमान्यातला. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, साधारण त्याच काळातला. तेव्हा स्वस्तातलं शेल अकाउंट म्हणजे काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. स्लर्प त्या अकाउंटवर चालवलं की ते खऱ्या इंटरनेट कनेक्शनसारखं वागायचं. मोठी हुशार युक्ती होती. आता तीच युक्ती माझ्या लॅपटॉपमध्ये, पावलोपावली प्रत्येक जोडणी स्वतः उलगडून, पुन्हा बांधून पुढे पाठवत होती. म्हणून बाहेर नव्वद आणि आत चार. म्हणजे पुण्याहून आलेल्या स्क्रिप्टमध्ये काकांच्या नोकरीचा काळ भरून आला होता आणि खापर फुटत होतं खालच्या खड्ड्यावर.

स्क्रिप्टमधल्या दोन ओळी बदलल्या. कार्ड व्हर्टआयओचं केलं आणि स्लर्पऐवजी लॅपटॉपच्या कर्नेलमधल्याच ब्रिजवरून, म्हणजे आभासी पुलावरून, नॅट करून, म्हणजे लॅपटॉपचाच पत्ता लावून, बाहेर काढलं. बॅकअप एवढा पळाला की मारुती दिसेनासा झाला.

सगळं नीट लिहून, आकडे जोडून सपोर्टला पाठवलं. त्यावर आलेलं उत्तर म्हणजे तो वरचा शेरा.

आणि खरी चीड इथे आहे. हीच स्क्रिप्ट पुण्यातल्या सगळ्यांच्या लॅपटॉपवर आहे. त्यांचंही आतलं मशीन असंच रखडतं. पण तिथे ते रखडलं की 'आज सर्व्हर स्लो आहे' म्हणून मंडळी चहाला जातात. माझं रखडलं की नाशिक स्लो. राहणीमान स्वस्त म्हणून पगार नाशिकचा लावायचा, आणि दोन ओळी चुकल्या की त्याही नाशिकच्या नावावर. पुढच्या अपडेटला स्क्रिप्ट पुन्हा जुनीच येणार, कारण तिला 'स्टँडर्ड कॉन्फिगरेशन' म्हणतात आणि स्टँडर्डला हात लावायची परवानगी मागायला तिकीट काढावं लागतं. ते तिकीट कुणाकडे जाईल, हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा मेसेज आला. बी विंगमधील एका फ्लॅटचा गंभीर नेटवर्क बिघाड काल माझ्या मार्गदर्शनाखाली दूर करण्यात आला, तरी सभासदांनी निःसंकोच संपर्क साधावा. खाली हात जोडलेल्यांची रांग. सासूबाईंचे हात पहिले.

संध्याकाळी काका दारात. तिसऱ्या मजल्यावरच्यांचा टीव्ही वायफाय पकडत नाही म्हणे.

"तू जाऊन बघून ये," ते म्हणाले. "काही अडलं तर मला विचार."