पुढच्या विमानाच्या ‘धुराने’ विमान उलटत नाही, मावशी!

परवा रात्री साडेदहाला नागपूरहून मावशीचा फोन. “अरे, विमानाचं तिकीट रद्द करून टाकते. विदर्भ एक्सप्रेसनेच येते आपली.” कारण? त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड. खाली सही ‘एक निवृत्त वैमानिक’. नाव अर्थातच नाही.

मजकूर थोडक्यात असा: पुढच्या विमानाच्या इंजिनाचा धूर आणि गरम झोत मागच्या विमानाला उलटं करतो. मुंबईजवळ असं घडलंय, पण दाबून टाकलं. तिथे दोन-दोन मिनिटांनी विमानं उतरवतात, म्हणजे जिवाशी खेळ. वारा पडलेला असेल त्याच दिवशी प्रवास करा, मोठंच विमान निवडा. आणि टेकता टेकता विमान परत वर गेलं तर पायलट शिकाऊ आहे असं समजून तक्रार ठोका.

मी सेसना या छोट्या विमानावर उड्डाणाचे तास भरलेत, एअरलाइनमध्ये उडवलेलं नाही. पण हा विषय एकट्याने उडायला सोडण्याआधीच डोक्यात ठोकून बसवतात, त्यामुळे गप्प बसवेना.

धुराचा इथे काही संबंध नाही. मागच्या विमानाला कलंडवतात ते हवेचे भोवरे, आणि ते इंजिन नसलेलं ग्लायडरसुद्धा मागे सोडतं. पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी. त्यामुळे पंखाच्या टोकाशी खालची हवा वळसा घालून वर धावते. दोन टोकांना दोन भोवरे, एकमेकांच्या उलट फिरणारे. विमान जितकं जड आणि वेग जितका कमी, तितके ते जोरकस. पावसाळ्यात उतरताना खिडकीतून फ्लॅपच्या (पंखामागे उघडणाऱ्या झडपेच्या) कडेला कधीकधी पांढरी दोरी सुटलेली दिसते ना, ते अशाच भोवऱ्यात हवेतल्या वाफेचे झालेले बारीक थेंब. त्या दोरीलाच कुणीतरी धूर समजलेलं दिसतंय.

‘वारा पडलेला दिवस निवडा’ हा सल्ला तर पार उलटा आहे. जोराचा, खळबळता वारा भोवरे मोडून टाकतो; शांत हवेत ते जास्त टिकतात. ते मिनिटाला साधारण 300 ते 500 फूट खाली बसत जातात आणि जमिनीजवळ आले की दोन बाजूंना, दोन-तीन नॉट (ताशी साधारण चार ते साडेपाच किलोमीटर) वेगाने सरकतात. आता बाजूने तेवढाच मंद वारा असेल तर काय होईल? वारा येतो त्या बाजूचा भोवरा सरकायला बघतो, वारा त्याला मागे रेटतो, आणि तो नेमका धावपट्टीवर ठाण मांडतो. एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेची वैमानिकांसाठीची माहिती-पुस्तिका तर स्पष्ट सांगते की तिरक्या, मागून येणाऱ्या मंद वाऱ्यात सर्वांत जास्त सावध राहा. म्हणून आम्हाला शिकवतात: मोठ्या विमानाच्या मागे उतरायचं तर त्याच्या वाटेच्या वरून ये, आणि ते जिथे टेकलं त्याच्या पुढे टेक. ‘निवृत्त वैमानिक’ महाशयांना हे माहीत नसावं, याचं नवल वाटतं.

दोन मिनिटांचं म्हणाल, तर तो खेळ नाही, नियमच आहे. 136 टन किंवा त्याहून वजनदार विमानामागे ए320 सारखं मध्यम विमान उतरत असेल, तर आंतरराष्ट्रीय नियमाने 5 नॉटिकल मैल (सुमारे 9 किलोमीटर) अंतर ठेवतात. उतरतानाच्या वेगाने ते कापायला साधारण दोन मिनिटंच लागतात! ए380 या महाकाय विमानामागे 7 नॉटिकल मैल. या नियमांआधी माणसं गेलीत. 30 मे 1972 ला अमेरिकेत फोर्ट वर्थजवळ सराव करणारं डीसी-9 विमान त्याहून मोठ्या डीसी-10 विमानाच्या मागोमाग उतरायला गेलं, भोवऱ्यात सापडून धावपट्टीवरच कलंडलं. आतले चौघेही गेले. त्यानंतर अमेरिकेत अंतराचे नियम कडक झाले.

मुंबईवाली गोष्ट अर्धी खरी आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. 7 जानेवारी 2017 ला मालेहून बर्लिनला निघालेलं छोटं चॅलेंजर 604 विमान समोरून हजार फूट वरून गेलेल्या ए380 च्या भोवऱ्यात सापडलं, गिरक्या खाल्ल्या, सुमारे 9 हजार फूट खाली आलं आणि शेवटी मस्कतला उतरलं. पण हे अरबी समुद्रावर, 34 हजार फुटांवर. मुंबईच्या नियंत्रणाखालचं आकाश समुद्रात फार लांबवर पसरलंय, एवढाच मुंबईचा संबंध. आणि दाबून काय टाकलं? जर्मनीच्या तपास यंत्रणेने अहवाल काढलाय.

मोठं विमान कमी हलतं, बरोबर. पण नागपूर-मुंबईला मावशी निवडणार कुठून?

आता तक्रारीचं. माझा पारा चढला तो इथे. पुढचं विमान धावपट्टीवरून वेळेत बाहेर पडलं नाही, अंतर कमी झालं, किंवा शेवटच्या क्षणी विमान भोवऱ्यात डगमगलं, तर पायलटने काय करायचं? इंजिनाला जोर द्यायचा आणि वर जायचं. याला गो-अराउंड म्हणतात आणि त्याचा सराव प्रत्येक पायलट सिम्युलेटरमध्ये वारंवार करतो. कच्चा पायलट तो, जो अशा वेळीही उतरण्याचा हट्ट धरतो. वर गेल्याबद्दल प्रवासी तक्रारी करायला लागले, तर पुढच्या वेळी कुणाच्या तरी मनात अर्धा सेकंद चलबिचल होईल. तो अर्धा सेकंद मला माझ्या मावशीच्या विमानात नकोय.

तिला एवढंच सांगितलं: तिकीट ठेव. विमान परत वर गेलंच तर पंधरा-वीस मिनिटं उशीर होईल. मी बाहेर उभा आहेच.