स्कॉफर, हेकलर आणि आमचं घर

बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलीचं इंग्रजी खुशाल घ्यावं, पण तिचा बाप घरात असताना घेऊ नये. भाचीने समानार्थी शब्दांची वही उघडली आणि पान निघालं ते नेमकं दुसऱ्याची टर उडवणाऱ्यांचं. मॉकर, स्कॉफर, हेकलर, टीझर.

"आत्या, सगळे एकच ना?"

"मुळीच नाही," मी म्हटलं.

"ऐका, ऐका," पेपरातून डोकं वर न काढता दादा म्हणाला, "ऑक्सफर्डहून परवाच आल्यात बाईसाहेब."

"हा मॉकर. लिही."

हेकलर म्हणजे दुसरा बोलत असताना मधेच तोंड घालून त्याला भंडावणारा. या शब्दाचं मूळ मला फार आवडतं. हेकल म्हणजे अळशीचे धागे विंचरायची लोखंडी दात्यांची फणी. ती चालवणारे स्कॉटलंडमधल्या डंडी गावचे कामगार राजकारणावर तावातावाने भांडण्यासाठी प्रसिद्ध होते. पुढे सभेत वक्त्याला उभा-आडवा पिंजून काढणाऱ्यालाच हेकलर म्हणू लागले. टीझ करणं हेही मुळात लोकर विंचरणंच. थोडक्यात, इंग्रजीत माणसाला छळायचं तर आधी विंचरायचं.

"मग यांना कुणाची भीती नाही," स्वयंपाकघरातून वहिनी ओरडली, "विंचरायला उरलंय काय!"

दादाचा हात आपसूक टकलावर गेला. माझं व्याख्यान अर्ध्यावर तुटलं, पण हेकलरचं इतकं चोख उदाहरण कुठल्या गाइडात मिळणार?

सार्कॅझमच्या, म्हणजे बोचऱ्या टोमण्याच्या, मुळाशी तर मांस ओरबाडण्याचा ग्रीक शब्द आहे. आपण निदान सालटी काढून थांबतो. (आमच्या सोसायटीची वार्षिक सभा सोडून. तिथे ग्रीक लोकही मागच्या खुर्चीवर गप्प बसले असते.)

खरी पंचाईत स्कॉफरची. तो वाद घालत नाही, नक्कल करत नाही; समोरचा माणूस दखल घेण्याच्याही लायकीचा नाही एवढंच दाखवतो. हे पोरीला कसं समजवायचं, या विचारात मी होते. शेजारी आई लसूण सोलत होती. भाची तिला म्हणाली, "आजी, मुलाखतीला आत्याची मोरपंखी साडी नेसू?"

"हं," आई म्हणाली. नाकातून. मान वर नाही, हात थांबला नाही. त्या एका "हं"मध्ये साडीचा रंग, पोत, किंमत आणि माझी एकूण अक्कल यांचा निकाल लागला होता.

भाचीने न सांगता लिहून घेतलं.

दादाने वही ओढून पाहिली. "मी नुसता मॉकर? सटायरिस्ट लिही."

"सटायरिस्ट समाजाची व्यंगं दाखवतो," मी म्हटलं. "तू फक्त साडूच्या गाडीची दाखवतोस."

"हं," टरफलं गोळा करता करता आई म्हणाली. दादाला की मला, ते काही तिने सांगितलं नाही.