पोळ्या कोण करतं? बदलापूरच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी मी चिडले. रागाच्या भरात उत्तर लिहूनही काढलं होतं, पण धाडलं नाही ते बरं झालं. आता दहा दिवसांनी शांतपणे लिहिते आहे.

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. बँकेत शाखाधिकारी असूनही मी हौशी रंगभूमीवर कशी टिकले, यावर मी मागे लिहिलं होतं. त्यात डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण होतं आणि एक वाक्य होतं: 'मनापासून हवं असलं की वेळ निघतोच.' त्यावर ताईंनी लिहिलं, 'मी बदलापूरहून सकाळी ६:५०ची गाडी पकडते, घरी यायला साडेआठ होतात. मुलगी दहावीत, नवऱ्याची शिफ्ट. तुमचं हे वाक्य थोबाडीत मारल्यासारखं लागलं. तुमच्या घरी पोळ्या कोण करतं ते आधी लिहा. आणि डॉ. लागूंचं उदाहरण देऊ नका, त्यांनी शेवटी डॉक्टरकी सोडलीच.' पुढे 'बँकेचा पगार घेऊन नाटकं करता' असंही होतं. त्यावर मी खाली भांडणार आहे.

आधी लागूंचं. तुमचं बरोबर आहे. कान-नाक-घशाचे सर्जन असलेल्या डॉ. श्रीराम लागूंनी १९६९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली. त्याआधी पुण्यात पीडीए, मुंबईत रंगायन या नाट्यसंस्था आणि शस्त्रक्रिया असं सगळं त्यांनी केलं, पण दोन्ही दगडांवर पाय ठेवून जन्मभर उभं राहता येत नाही हे त्यांनीच दाखवलं. माझ्या सोयीचा अर्धा भाग मी उचलला होता. डॉ. मोहन आगाशेंचं उदाहरण जास्त लागू पडलं असतं. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल'मध्ये नाना फडणवीस उभा करणारा हा माणूस मनोविकारतज्ज्ञ, आणि ते काम त्यांनी नाटकासाठी सोडलं नाही. त्याच नाटकाचे दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. पुण्याच्या त्या मंडळींबद्दल आपण किती कौतुकाने लिहितो! पण तालमीच्या रात्री त्यांच्या घरी कोण जागं होतं, हे त्या लेखांमध्ये फारसं येत नाही. माझ्याही लेखात आलं नव्हतं.

तर पोळ्या. माझ्या घरी पोळ्या सासूबाई करतात. तालमीच्या दिवसांत रात्रीचं सगळं त्याच बघतात. माझी शाखा मुलुंडला आणि घर ठाण्यात, म्हणजे मध्ये अंतर एका स्टेशनाचं. लेखात मी 'रोज लोकलचे धक्के खात' असं लिहिलं होतं. आता वाचताना माझं मलाच हसू आलं. पाच मिनिटांत कसले धक्के खाणार? शिवाय प्रमोशनवर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाखेत तीन वर्षं होते, तेव्हा एकाही नाटकात काम केलं नाही. खरीप कर्जवाटपाच्या दिवसांत रात्री नऊला खोलीवर यायचे आणि भात-पिठलं खाऊन झोपायचे. तेव्हा नाटक मनापासून हवं नव्हतं का? हवं होतंच की.

म्हणून ते वाक्य मी मागे घेते. लेखात ते खोडून ठेवलंय, पुसलं नाही, म्हणजे तुमची प्रतिक्रिया कशावर होती ते पुढच्यांना कळेल.

मग माझा वेळ निघतो कसा? गेल्या वर्षी ऑक्टोबरातली एक संध्याकाळ सांगते. राज्य नाट्य स्पर्धेची तयारी चालू होती. तालीम नौपाड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, आठ ते दहा. त्या दिवशी शाखेत कॅश जुळेना. पाचशे रुपये कमी येत होते. कॅश जुळल्याशिवाय तिजोरी बंद होत नाही, आणि तिजोरीला दोन चाव्या: एक माझ्याकडे, एक कॅश ऑफिसरकडे. दोघं असल्याशिवाय ती उघडतही नाही, लागतही नाही. म्हणजे 'तुम्ही मोजा, मी निघते' हा प्रकारच नाही. नवा कॅशियर घामाघूम झालेला. व्हाउचर पुन्हा तपासली, पाकिटं सोडून पुन्हा मोजली. शेवटी पाचशेच्या एका पाकिटात शंभराऐवजी एकशे एक नोटा निघाल्या. दोन कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटल्या होत्या. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं.

हॉलवर पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. शाळेचे वॉचमन काका दहाला दारात येऊन चाव्या खुळखुळवतात, त्यामुळे हातात जेमतेम पाऊण तास. आत चौदा माणसं होती. माझ्या जागी प्रॉम्प्टर पोरगी वाक्यं वाचत होती आणि बाकीचे तिच्याशी तशीच खरी भांडणं भांडत होते. मला कोणी काही बोललं नाही. दिग्दर्शक म्हणाला, 'मॅडम, दुसरा अंक, पान सव्वीस.' बस्स. दुसऱ्या दिवशी मला ताप होता तरी मी गेले, आणि त्यात माझ्या इच्छाशक्तीचं कौतुक काही नाही. घरी एकटीने करायचा योग मी आजवर सात वेळा सुरू करून सात वेळा सोडला आहे. नाटक सुटलं नाही, कारण तिथे चौदा जणांचा खोळंबा होतो.

आता भांडण. 'बँकेचा पगार घेऊन नाटकं' हे मला मान्य नाही. बँकेचं एक मिनिट मी कधी नाटकाला दिलेलं नाही. मार्चमध्ये तालीम नाही. सप्टेंबरअखेरच्या अर्धवार्षिक क्लोजिंगलाही नाही, मग दिग्दर्शक कितीही रुसो. १ सप्टेंबर २०१५पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी पूर्ण सुट्टी आहे. आमची तालमींची सगळी आखणी त्यावर चालते. (खरं सांगू? आधीचा दर शनिवारचा अर्धा दिवस नाटकवाल्यांना जास्त सोयीचा होता. दर आठवड्याला चारपर्यंत हॉल गाठता यायचा.) उलट नाटकाने बँकेला थोडंफार दिलंच असेल. थकीत कर्जदाराच्या घरी जाऊन आवाज न चढवता वीस मिनिटं बोलायचं, आणि मध्येच गप्प राहायचं, हे मी काही बँकेच्या ट्रेनिंगमध्ये शिकले नाही.

'असलं सगळं निवृत्तीनंतर करावं' हे तुमचं म्हणणंही पटलं नाही. पस्तिशीत माझा एक अंक दोन रात्रींत पाठ व्हायचा, आता एकोणपन्नासाव्या वर्षी आठवडा जातो. साठीला काय होईल कोण जाणे.

आणि तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी एक ओळ होती, ती बहुधा कोणी नीट वाचली नाही: 'गाडीत आमचं भजनी मंडळ आहे, तेवढंच.' तेवढंच? ताई, बदलापूरहून सीएसएमटीपर्यंत सव्वा तास धरला, तरी आठवड्याला सहा-सात तास तुम्ही एका दिशेने गाता, तेही गर्दीत, एका हाताने कडी धरून. एवढी तालीम आमच्या ग्रुपची ऐन स्पर्धेच्या आठवड्यात होते. एखाद्या दिवशी तुमची ६:५० चुकली, तर दुसऱ्या दिवशी 'काल कुठे होतीस गं?' असं कोणीतरी विचारत असणार. मग तुमच्यात नि माझ्यात फरक राहतो तो माझ्याकडे हॉल आहे एवढाच. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाहीये. तुमची ओढाताण यामुळे कमी होत नाही, तेही कळतंय. मला फक्त तो 'तेवढंच' खटकला.

एक राहिलं. तुमची प्रतिक्रिया मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. त्या शेंगा सोलत होत्या. ऐकून म्हणाल्या, 'बरोबर बोलते की बाई.' मग थोड्या वेळाने, शेंगांवरून मान वर न करता, 'कोपऱ्यावरच्या मठात गुरुवारचं भजन असतं. तुझी तालीम असली की माझं राहतं. चार वर्षं झाली.'

मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी.

परवाच्या गुरुवारी मी तालमीला गेले नाही. दिग्दर्शकाचा फोन दोनदा वाजला. प्रॉम्प्टर पोरीने पुन्हा माझी वाक्यं वाचली. सासूबाई इस्त्रीची साडी नेसून साडेसातला बाहेर पडल्या आणि पावणेदहाला परत आल्या. पोळ्या मी केल्या होत्या. त्यांनी एक उचलून दिव्यासमोर धरली, उलटसुलट पाहिली आणि काही न बोलता ताटात वाढून घेतली.